कानातली मेणबत्ती आणि उसनी वंशावळ

काही वर्षांपूर्वी आमचे एक ज्येष्ठ स्नेही, आयुष्यभर छंदःशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, एका आरोग्य-प्रदर्शनातून परतले ते हातात कागदाची पुडी घेऊनच. पुडीत एका पोकळ मेणबत्तीचे जळून उरलेले थोटूक होते. ते उभे चिरलेले असून आत तपकिरी-पिवळसर, भुकटीमिश्रित असा काही ऐवज दिसत होता. "चाळीस वर्षांचा साठा," ते प्रसन्नपणे म्हणाले. गेली दोन-तीन वर्षे त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येत होते. विद्यार्थ्याने वृत्त चुकवले तर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून टोकणाऱ्या माणसाला हे फार लागत होते.

उपचाराची रीत त्यांनी सविस्तर सांगितली. रुग्णाने कुशीवर निजायचे. मेणात भिजवलेल्या कापडाची वीतभर लांबीची पोकळ नळी घेऊन तिचे एक टोक कानाच्या तोंडाशी बसवायचे आणि दुसरे पेटवायचे. ज्योतीच्या उष्णतेने हवा वर जाते, नळीत पोकळी निर्माण होते आणि कानातला मळ वर ओढला जातो, असे त्यामागचे स्पष्टीकरण. दहा-पंधरा मिनिटांनी ज्योत विझवायची आणि उरलेले थोटूक चिरून आतला ऐवज रुग्णाला दाखवायचा. सोबत एक पत्रक होते. ही विद्या अमेरिकेतील 'होपी' या आदिवासींची असून ती हजारो वर्षांपासून चालत आली आहे, इजिप्त, चीन व तिबेट येथेही ती ज्ञात होती, असे त्यात छापले होते. प्रस्तुत लेख म्हणजे मुख्यतः त्या पत्रकाचे वाचन आहे. संहिता वाचणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी अशा मजकुराकडे पाठ फिरवावी असे आम्हांस वाटत नाही.

पत्रकाच्या भाषेत प्रथम डोळ्यांत भरतो तो कर्त्याचा अभाव. मेणबत्ती 'वापरली जात असे', तिला 'पवित्र मानले जाई'. कोणी वापरली, कोणत्या गावी, कोणत्या शतकात, हे एकाही वाक्यात नाही. सगळा मजकूर कर्मणि प्रयोगात आणि रीतिभूतकाळात तरंगत राहतो. त्या मजकुरात विशेषनाम म्हणून ठामपणे उभे आहे ते एकच, होपी. तेव्हा तपासायचे तर तेच तपासावे लागते.

होपी लोक अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात, तीन सपाट माथ्यांच्या पठारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी राहतात. त्यांचे ओरायबी हे गाव अमेरिकेतील अखंड वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या गावांपैकी एक मानले जाते. अत्यल्प पावसावर मका पिकवणारी ही शेतकरी जमात असून कापूस पिकवून त्याचे वस्त्र विणणे ही तेथील पुरुषांची जुनी कला आहे. म्हणजे मेणबत्तीचे कापड एक वेळ होपींचे म्हणता येईल. मेणाचे काय? मेण देणारी जी मधमाशी आज जगभर पाळली जाते, ती उत्तर अमेरिकेत मूळची नव्हेच. युरोपीय वसाहतकारांनी १७व्या शतकात तिची पोळी जहाजांतून तिकडे नेली. खनिज तेलातून निघणारे पॅराफिन तर १९व्या शतकातले. 'हजारो वर्षांची' ही मेणबत्ती त्या पठारावर कशाची बनत होती, हा प्रश्न पत्रकाला पडलेला नाही.

तो होपींना मात्र पडला. एका जर्मन कंपनीने गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या मेणबत्त्यांना त्यांचे नाव लावले आणि ते युरोपभर पसरले. होपी जमातीच्या प्रशासनाने यावर स्पष्ट शब्दांत सांगितले, की हा उपचार आमचा नाही आणि कधीही नव्हता; आमच्या नावाचा हा वापर थांबवावा. नाव तरीही चालत राहिले. ज्यांची परंपरा म्हणून वस्तू विकायची, त्यांचीच साक्ष अग्राह्य ठरली.

या नावाच्या मागचा इतिहास ठाऊक असला, तर ही गोष्ट केवळ विनोदी राहत नाही. जानेवारी १८९५मध्ये अमेरिकेच्या सैन्याने १९ होपी पुरुषांना सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतील अल्काट्राझ बेटावरील लष्करी तुरुंगात डांबले. आपली मुले सरकारी शाळांत धाडण्यास त्यांनी नकार दिला होता, हा त्यांच्यावरील मुख्य ठपका. त्या शाळांत मुलांची भाषा, केस, वेश आणि धर्म बदलला जाई. पुढे एप्रिल २०१३मध्ये पॅरिसमध्ये होपींच्या सुमारे ७० पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. त्या मुखवट्यांना होपी निर्जीव वस्तू मानत नाहीत. त्यांनी हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने लिलाव थांबवण्यास नकार दिला. एका शतकात ज्या लोकांचे आचार मागासलेले म्हणून पुसण्याचा यत्न झाला, त्यांच्याच नावाला पुढच्या शतकात 'प्राचीन ज्ञान' म्हणून भाव आला. दोन्ही वेळा होपींचे स्वतःचे म्हणणे कोणाला ऐकायचे नव्हते. कानाच्या उपचाराच्या इतिहासात हे घडावे, हा योगायोग आम्हांस सहजासहजी विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, वंशावळ खोटी असेल. गुण येत असेल तर काय बिघडले? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर १९९६मध्ये अमेरिकेतील काही कान-नाक-घसा तज्ज्ञांनी प्रयोगाने दिले. त्यांनी कानाच्या नलिकेची प्रतिकृती करून मेणबत्ती जळत असताना आतला दाब मोजला. पोकळी कोठेही निर्माण झाली नाही. आठ कानांवर प्रत्यक्ष प्रयोग केला. मळ निघाला नाहीच, उलट काही कानांत मेणबत्तीचे मेण मात्र साचले. मग १२२ तज्ज्ञांना विचारणा केली, तेव्हा २१ इजांची नोंद मिळाली: १३ भाजल्याच्या, ७ कानाची नलिका मेणाने बुजल्याच्या आणि १ पडद्याला छिद्र पडल्याची. इंग्लंडमधील प्राध्यापक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००४मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला आणि लेखाच्या शीर्षकातच या प्रकाराला अज्ञानाने विज्ञानावर मिळवलेला विजय म्हटले. २०१०मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या मेणबत्त्यांच्या उत्पादकांना इशारापत्रे धाडली.

मग थोटकात दिसणारा तो ऐवज कोणता? मेणबत्त्या जोडीने विकतात. स्नेह्यांकडे दुसरी शिल्लक होती. आम्ही ती त्यांच्यादेखत एका रिकाम्या बाटलीच्या तोंडात बसवून पेटवली. पंधरा मिनिटांनी विझवून सुरीने चिरली. आत तोच तपकिरी-पिवळसर ऐवज होता, तीच भुकटी होती. अर्धवट जळलेले मेण आणि कापडाची राख, याहून त्यात काही नसते. स्नेही बराच वेळ त्या बाटलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अहो, मग माझ्या कानातून निघालं ते काय होतं?"

या प्रश्नातच या उपचाराची खरी वंशावळ सापडते, असे आमचे मत आहे. त्याचा पूर्वज ॲरिझोनाच्या पठारावर शोधण्याचे कारण नाही. दातांतल्या किड्याच्या इतिहासात तो आहे. दात किडतो तो आत किडा शिरल्यामुळे, ही समजूत बॅबिलोनपासून भारतापर्यंत पसरलेली होती. युरोपात त्यावर खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत. बिया निखाऱ्यावर टाकायच्या, रुग्णाने त्या धुरावर तोंड धरायचे, आणि थोड्या वेळाने पाण्याच्या भांड्यात बारीक पांढरे 'किडे' दिसायचे. इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जॉन जेरार्ड याने १५९७च्या आपल्या ग्रंथात यातली लबाडी उघड केली. बाजारात फिरणारे दंतवैदू वाद्याच्या तारांचे बारीक तुकडे हातचलाखीने पाण्यात सोडत आणि ते तोंडातून पडले असे भासवत. पण प्रत्येक वेळी लबाडीच असे असेही नाही. तापलेली बी फुटून तिच्या आतला वळलेला कोंब बाहेर पडे, आणि तो किड्यासारखाच दिसे. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८मध्ये, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपणांस असे किडे आढळले नाहीत, असे नोंदवले. पुढे १७५७मध्ये रेगेन्सबुर्गच्या याकोब ख्रिस्टियान शेफर या धर्मोपदेशकाने या 'कल्पित किड्यां'वर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन किडा पाडण्याचा उपाय खेड्यापाड्यांत अनेकांनी पाहिलेला असेल. दोन्हींची रचना एकच आहे. औषधाचेच उरलेले अवशेष रोग म्हणून रुग्णाच्या हाती ठेवले जातात. रुग्णाला डोळ्यांनी दिसते. दिसल्यावर तो वाद घालत नाही. आणि देणाराही पुष्कळदा स्वतः त्यावर विश्वास ठेवून असतो.

येथपर्यंत आलेला मराठी वाचक एक शंका घेईल, आणि ती घेण्यासारखी आहे. असे काही आपल्या ग्रंथांत नाही का? आहे, आणि तेथेच खरा मोह आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, कर्णरोगांच्या चिकित्सेचा जो एकविसावा अध्याय आहे, त्यात 'दीपिकातैल' सांगितले आहे. बेल, टेटू, शिवण इत्यादी बृहत्पंचमुळांच्या अठरा अंगुळे लांबीच्या काड्या घ्याव्यात, त्यांना क्षौमवस्त्र गुंडाळावे, ते तेलाने भिजवावे आणि पेटवावे. जळताना जे तेल ठिबकते ते गोळा करून कोमट असताना कानात घालावे; त्याने वेदना शमते.

वस्त्र आहे, स्नेह आहे, ज्योत आहे, कान आहे. एखाद्या चतुर पत्रक-लेखकाने होपींच्या जागी सुश्रुताचे नाव घातले, तर आपल्यापैकी कितीजण थांबून अध्याय उघडतील? उघडला तर मात्र दिसते, की साम्य वरवरचे आहे. येथे ज्योत रुग्णापासून दूर जळते. ती तेल सिद्ध करण्याचे साधन आहे. कानात जाते ते कोमट झालेले तेल, आणि हेतू वेदनाशमनाचा आहे. मळ ओढून काढण्याचा येथे संबंध नाही. त्याच अध्यायात कानातल्या मळाचा विचार वेगळा केलेला आहे, आणि त्याची रीत तेलाने मऊ करून, शेक देऊन, मग शलाकेने बाहेर काढणे ही आहे. हे तेल आज गुणकारी ठरेल की नाही हा वैद्यकाचा प्रश्न आहे, त्याचा निर्णय आम्ही करणार नाही. पण संहिता काय म्हणते हा वाचनाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या अखत्यारीतला आहे. जे होपींच्या बाबतीत अन्याय्य, ते सुश्रुताच्या बाबतीत अभिमानास्पद ठरू नये. पूर्वजांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेले घालणे हा त्यांचा आदर नव्हे.

स्नेह्यांचे काय झाले, हे सांगणे उरले. बाटलीच्या प्रयोगानंतर आठवड्याभरात ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. मळ फारसा नव्हताच; श्रवणाची नस वयोमानाने क्षीण झाली होती. त्यांनी आम्हांस पुढे सांगितले, की हे आपल्याला आतून माहीत होते. "मळ म्हटलं की काढता येतो हो. वय कोण काढून देणार?" त्या पत्रकाने त्यांना फसवले ते याच ठिकाणी, आणि म्हणूनच त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. हजारो वर्षांच्या दाखल्याची गरज भोळेपणापेक्षा भीतीला अधिक लागते.

आता ते श्रवणयंत्र वापरतात. परवा आम्ही एक श्लोक वाचत असता त्यांनी मध्येच हात वर केला. एक लघू आम्ही गुरू म्हटला होता.