तळटीप २३ : कंटिंजंटचा मुलूख

२३. कंटिंजंटचा मुलूख — म्हणजे वऱ्हाड. १८०० च्या तहानुसार निजामाने इंग्रजांना युद्धकाळात ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ पुरवायचे होते. शांततेतही उभी राहिलेली, गोऱ्या अधिकाऱ्यांची ‘हैदराबाद कंटिंजंट’ त्या तहात कुठेच नव्हती. हे खुद्द डलहौसीलाही मान्य होते. तरी तिचा वर्षाचा सुमारे ४० लाख रुपये खर्च निजामाच्याच माथी बसला. पगार थकले, कंपनीचे कर्ज चढले आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा वसूल या फौजेसाठी लावून दिला गेला. फुलसावंगी (आज महागाव तालुका) पुसदच्या बाजूची, आणि पुसद १९०५ पर्यंत वऱ्हाडातल्याच वाशीम जिल्ह्यात. म्हणून इथल्या ज्वारी-कापसाचा सारा शिपायांच्या पगाराला जाई, पैनगंगेपलीकडचा निजामाच्या खजिन्यात. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांच्या खंडाने वऱ्हाड कायमचे घेतले.

पुढच्याच ओळीतला ‘कागद फोडण्याचा कायदा’, म्हणजे सरकारी गुपिते फोडण्याविरुद्धचा कायदा, हाही कर्झनच्याच काळात कडक झाला. ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीरविषयीचा गुप्त सरकारी कागद छापल्यावर लगोलग, १८८९ मध्ये, मूळ कायदा आला होता. त्यात मुलकी कारभाराचे कागदही ओढणाऱ्या दुरुस्तीला गोखल्यांनी डिसेंबर १९०३ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कडाडून विरोध केला. तरी ती १९०४ मध्ये, काहीशी सौम्य होऊन, मंजूर झालीच.