निकेलला कथलाची कल्हई

हायड्रोजन हा सगळ्यांत हलका वायू. पाण्यात तो आहे, गोडेतेलात आहे, उसाच्या चिपाडात आहे, आणि आपण चहात घालतो त्या साखरेतही आहे. पण जिथे आहे तिथे तो दुसऱ्या कोणाशी तरी बांधलेला! ही गाठ सोडवायची कशी, हा खरा प्रश्न. खतासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनवाचून होत नाही, आणि जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच काढतात. तोच शेतात उगवणाऱ्या मालापासून निघाला तर? या 'तर'ची वाट धातूंच्या पारखीतून जाते, आणि त्या पारखीचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

1823 साली जर्मनीतल्या येना गावी डोबेरायनर या प्राध्यापकाने स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला. काडी नाही, ठिणगी नाही, आणि वायू आपोआप पेटला. प्लॅटिनम मात्र होते तसेच राहिले. स्वीडनच्या बर्झेलियसने 1835 साली असल्या क्रियेला 'कॅटॅलिसिस' हे नाव दिले. आपण अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतो. त्याचे काम लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचे: दोन्ही पक्ष एकत्र आणायचे, आणि आपण पुढच्या कामाला मोकळे.

प्लॅटिनम गुणी खरे, पण भारी महाग! तेव्हा स्वस्त धातूचा शोध आलाच. फ्रान्समधील तूलूझच्या पॉल सबातिए यांनी 1897 पासून निकेल हाती घेतले. तेलासारख्या पदार्थांत हायड्रोजन घालायचे काम निकेल झकास करते, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. त्याबद्दल 1912 चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. आपला वनस्पती तुपाचा डबा हा त्याच विद्येचा प्रसाद. पुढे अमेरिकेत मरे रेनी या इंजिनियराने निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र वितळवले, मग कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळवून टाकले. मागे राहिले जाळीदार, सच्छिद्र निकेल. याचे पेटंट 1927 चे.

आता उलट्या बाजूने पाहा. वनस्पती तुपात हायड्रोजन घालायचा असतो. आपल्याला तर तो बाहेर काढायचा आहे. 2002 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ड्युमेसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोज पाण्यात विरघळवून, दाबाखाली सुमारे 225 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून प्लॅटिनमवरून नेले, आणि हायड्रोजन मिळवला. दाबामुळे इतक्या उष्णतेतही पाणी द्रवच राहते. धातूवर कार्बन-कार्बन ही जोडी तुटते. निघालेला कार्बन मोनॉक्साइड पाण्याशी मिळून आणखी हायड्रोजन देतो.

मग इथे निकेल का नको? कारण त्याची जुनी खोड! कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचा निकेलवर मिथेन होतो, हे सबातिए यांनीच 1902 साली दाखवले होते. तेव्हा तो गुण ठरला. इथे तोच दोष. मोठ्या कष्टाने सोडवलेला हायड्रोजन निकेल पुन्हा मिथेनमध्ये अडकवून टाकते.

तीनशेहून अधिक पदार्थ तपासल्यावर 2003 साली उपाय सापडला तो कथलाचा. आपल्या घरी तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, ती याच धातूची. तिच्यामुळे ताक कळकत नाही. रेनीच्या निकेलला थोडे कथील दिले, तेव्हा मिथेन होणे मंदावले, पण कार्बन-कार्बन जोडी तोडण्याचा जोर टिकून राहिला. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल यांच्यापासून हायड्रोजन काढण्यात हे साधे निकेल प्लॅटिनमच्या पंक्तीला जाऊन बसले.

एवढ्याने काम फत्ते झाले, असे मात्र समजू नका. चिपाड म्हणजे साखर नव्हे. आधी त्यातील सेल्युलोज फोडून साखर करावी लागते. लाकूड वा भुसा थेट वाफेत तापवून वायू करावा, तर डांबर निघते. निकेलवर काजळी चढते, गंधकाने ते निकामी होते. म्हणून संशोधन चालूच आहे. धातू स्वस्त हवा, टिकाऊ हवा, आणि नको ते काम त्याने करता कामा नये. प्लॅटिनमवाचून अडत नाही, एवढे कथलाने दाखवून दिले. शेतातल्या मालापासून हायड्रोजन परवडायचा, तर हे पहिले पाऊल टाकावेच लागणार होते.