हलक्या वजनाचा मल्ल

पालखी देवळांत परतली, जत्रेची गर्दी जरा पांगली, कीं दुसऱ्या दिवशीं दुपारीं कुस्त्यांचा फड भरावयाचा, ही सातारा जिल्ह्यांतील फार जुनी रीत आहे. पूर्वेकडील माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यापासून तों कृष्णाकांठच्या कराडपर्यंत ती सारखीच आढळते. हलगी कडाडूं लागते, लहान पोरांच्या रेवड्यांवरील कुस्त्या आधीं उरकतात, आणि मग फेटे बांधलेले पंच मोठ्या जोडी लावूं लागतात. या वेळीं फडाभोंवतीं जो वाद माजतो तो प्रत्यक्ष कुस्तीइतकाच रंगतो. समोरचा गडी अंगानें भरलेला आणि आपल्या गांवचा पोरगा किडकिडीत, असें दिसलें कीं एक पक्ष म्हणतो, "याला कशाला हकनाक मारावयास घालतां?" दुसरा म्हणतो, "अंगाकडे काय पाहतां, पोराचा डाव पाहा!"

येथें तागडी नसते. पंच दोघांना शेजारीं उभे करतात, खांद्याला खांदा लावून पाहतात, मांडीचा अंदाज घेतात आणि जोड ठरवतात. नजर मुरलेली असली तर अंदाज सहसा चुकत नाहीं. परंतु ज्याचा बांधा मुळांतच बारीक, त्याच्या वांट्याला शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती क्वचितच येते. फडाचें सारें कौतुक थोराड देहाचें! हा दोष कुस्तीच्या चाहत्यांनीं आपल्या पदरीं घ्यावयासच हवा. ऑलिंपिक सामन्यांत मात्र वजनाचे गट पाडलेले असतात. १९४८ सालीं लंडन येथें असे आठ गट होते. सर्वांत हलका ५२ किलोंचा, त्यावरचा ५७ किलोंचा, आणि सर्वांत वरचा ८७ किलोंच्या पुढचा. लहान चणीच्या मल्लाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळण्याची ही पहिली खरी हमी होय.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कराडनजीकच्या गोळेश्वर गांवीं झाला. वडील स्वतः मल्ल होते. पांच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. तांबड्या मातीचा संस्कार घरींच झाला, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलांत झालें आणि पुढें ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत दाखल झाले. तेथें वार्षिक क्रीडास्पर्धेंत कुस्तीसाठीं नांव देण्यास ते गेले असतां खेळांच्या शिक्षकांनीं त्यांच्याकडे एकदां पाहिलें आणि नांव घेण्याचें नाकारलें. असा लहानखुरा देह कुस्तींत काय टिकणार, हा त्यांचा हिशेब. शिक्षकांचा हेतु वाईट होता असें नव्हे. फडावरचे पंच ज्या नजरेनें जोड लावतात तीच ही नजर. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनीं परवानगी दिली, आणि या मुलानें आपल्याहून धिप्पाड गडी एकामागून एक लोळवले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिपक्ष्याची मान काखेंत आंवळून त्याला फेंकावयाचें, यांत बळापेक्षां वेळ साधण्याला महत्त्व अधिक. अंगानें मोठा गडी जेवढा जोरानें पुढें येतो तेवढा तो या डावांत सांपडतो.

लंडनला खाशाबा कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्यानें गेले. जन्मभर मातींत खेळलेल्या माणसाला गादीवर उभें राहावयाचें होतें, आणि नियमही निराळे होते. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानें त्यांना तेथें शिकवलें, आणि ५२ किलोंच्या गटांत त्यांना सहावा क्रमांक मिळाला. प्रथमच गादी पाहणाऱ्यास हें यश थोडें नव्हे.

आतां गादीवरील कुस्तीचा एक विशेष लक्षांत घेतला पाहिजे. मातींत पाठ टेकली कीं निकाल लागला. तो झाडावर चढून बसलेल्या पोरालाही दिसतो, आणि पंचाला त्यांत कांहीं लपवितां येत नाहीं. गादीवर मात्र कोणी चीत झाला नाहीं तर निकाल गुणांवर जातो, आणि गुण पंचाच्या कागदावर असतात. वजनकाट्यानें लहान मल्लाला जो न्याय दिला तो पंचाच्या पेन्सिलीनें हिरावून घेतां येतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वीं मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. तेथें आपणांस जाणूनबुजून एक गुण कमी देण्यांत आला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्या एका गुणानें त्यांची निवड हुकली.

कॉलेजांतला मुलगा प्राचार्यांकडे गेला होता. या वेळीं सव्वीस वर्षांचा मल्ल पतियाळाच्या महाराजांकडे गेला. महाराज यादवेंद्रसिंह तेव्हां भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. खाशाबांचें म्हणणें त्यांना पटलें आणि त्यांनीं पुन्हां चाचणीची कुस्ती ठरविली. तींत खाशाबांनीं प्रतिस्पर्ध्याला आडवें केलें. गुणांचा प्रश्नच उरला नाहीं! निवड समित्यांचे वाद वर्तमानपत्रांतून महिनेच्या महिने चालतात. हा वाद कांहीं मिनिटांत मिटला.

नांव लागलें, पण खर्चाची तरतूद नव्हती. मुंबई सरकारकडे चार हजार रुपयांची मागणी केली, ती फेटाळली गेली. गांवकऱ्यांनीं आणि परिचितांनीं यथाशक्ति वर्गणी गोळा केली. आणि प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ज्या मुलाला आपण एकदां फडांत उतरूं दिलें त्याची जबाबदारी त्यांनीं अशी शेवटपर्यंत निभावली.

हेलसिंकीला खाशाबा ५७ किलोंच्या गटांत उतरले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बसुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना त्यांनीं हरविलें. जपानच्या शोहाची इशीशीं झालेली कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक लांबली आणि एका गुणानें हातची गेली. हाच इशी पुढें सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. ही झोंबाझोंबी संपते न संपते तोंच रशियाच्या मामादबेयोवशीं लढण्यासाठीं खाशाबांना बोलावणें आलें. दोन कुस्त्यांमध्यें निदान अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी असा नियम होता. परंतु तो पुढें करून भांडण्यासाठीं एकही भारतीय अधिकारी जागेवर हजर नव्हता. या खेपेला दाद मागावयाची तर कोणाकडे? थकलेला मल्ल गादीवर गेला आणि हरला. तरीही २३ जुलै १९५२ रोजीं त्याच्या गळ्यांत ब्राँझपदक पडलें. स्वतंत्र भारतानें व्यक्तिगत खेळांत मिळविलेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक होय. कोल्हापूरचेच केशव माणगावे ६२ किलोंच्या गटांत खेळले. त्यांचें पदक थोडक्यांत हुकलें. दुसऱ्याच दिवशीं भारताच्या हॉकी संघानें हॉलंडवर ६-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकावलें, आणि देशाचें लक्ष साहजिकच तिकडे वळलें.

कराडकरांचें लक्ष मात्र ढळलें नाहीं. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि तो लहानसा रस्ता ओलांडावयास सात तास लागले असें सांगतात. दुसरें व्यक्तिगत पदक भारताला १९९६ सालीं टेनिसमध्यें लिअँडर पेस यांनीं मिळवून दिलें. कुस्तींतील पुढचें पदक यावयास २००८ साल उजाडावें लागलें. पुढें २०१६ सालीं याच जिल्ह्यांतील, माणच्या मोही गांवची ललिता बाबर रिओ येथें स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतींत धांवली आणि दहावी आली. धांवणाऱ्याचें एक बरें असतें. त्याचा पंच म्हणजे घड्याळ, आणि त्याला देहाचा आकार दिसत नाहीं.

खाशाबा १९५५ सालीं पोलीस खात्यांत फौजदार झाले. बढती फार सावकाश आली. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार लाभला तो मरणोत्तर, आणि दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचें नांव मिळालें तें २०१० सालीं. हेलसिंकीहून परतल्यावर मात्र त्यांनीं सत्कारांत फार दिवस घालविले नाहींत. कोल्हापुरांत त्यांनीं कुस्त्यांचा फड भरविला, स्वतः लंगोट कसून त्यांत उतरले, आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्यांचें गहाण पडलेलें घर सोडविलें.