फुप्फुसाचा कर्करोग आणि महसुलाची फाईल

२३ सप्टेंबर १९५१ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रियेची व्यवस्था करून राजे सहावे जॉर्ज यांचे डावे फुप्फुस काढण्यात आले. त्याआधी प्रसृत झालेल्या अधिकृत निवेदनात 'फुप्फुसात रचनात्मक बदल' झाल्याचे म्हटले होते. 'कर्करोग' हा शब्द त्यात नव्हता. निवेदनांचे मसुदे तयार करण्यात ज्याची निम्मी हयात गेली, त्या माझ्यासारख्याला ही शब्दयोजना वाचून क्षणभर दाद द्यावीशी वाटते आणि लगेच लाजही वाटते. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी राजे झोपेतच निवर्तले. ते अट्टल धूम्रपान करीत असत.

गंमत अशी, की या आजाराचे कारण तोवर छापून आलेले होते. ३० सप्टेंबर १९५० च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. इंग्लंड व वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू १९२२ साली ६१२ होते, ते १९४७ साली ९,२८७ झाले. हे का, असा त्यांचा प्रश्न. मोटारींचा धूर, रस्त्यांवरील डांबर, असे अनेक संशयित होते. लंडनमधील २० रुग्णालयांतील या कर्करोगाच्या ७०९ रुग्णांची त्यांनी तितक्याच अन्य रुग्णांशी तुलना केली. कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे अवघे दोन निघाले. अन्य रुग्णांच्या गटात ते २७ होते. आकडे हाती येत असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. येथे एक अवांतर: हिल हे वैद्य नव्हतेच. पहिल्या महायुद्धात क्षयाने अंथरुणाला खिळल्यामुळे वैद्यकशास्त्राची वाट बंद झाली आणि त्यांनी घरबसल्या अर्थशास्त्राची पदवी घेतली. आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मिरवण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. ही एक आहे.

हा रोग इतका काळ नजरेआड राहिला, त्याचे कारण त्याच्या चालीत आहे. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते धूळ आणि कफ सतत वर लोटत राहतात. धुराने ते लुळे पडतात, मग झडतात. त्या जागी चपट्या, जाड पेशींचा थर येतो. धुरातील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये पेशींच्या डीएनएला चिकटतात, आणि वाढीला आवर घालणारी जनुके एकेक करून निकामी होतात. या साऱ्याला वीस-तीस वर्षे लागतात. म्हणून पहिल्या महायुद्धात सैनिकांना वाटलेल्या सिगारेटींचा हिशेब दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास समोर आला. शिवाय फुप्फुसाच्या गाभ्याला वेदना जवळजवळ नसते. गाठ शेजाऱ्यांना ढकलू लागते, तेव्हाच ती बोलते, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून. शेंड्यावरची गाठ खांदा व हात दुखविते; मोठ्या शिरेवर दाब आला की चेहरा सुजतो; काहींची बोटांची टोके फुगीर होतात; काही गाठी संप्रेरके स्रवून रक्तातील सोडियम उतरवितात, आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. पुढे यकृत, हाडे, मेंदू.

हे मी १९९६ साली दिल्लीत शिकलो. आमच्या कार्यालयातील अवर सचिवांचा आवाज अचानक घोगरा झाला. दिवसाला दोन पाकिटे ओढणारे ते गृहस्थ, मनाने अतिशय उमदे. दोन महिने गुळण्या आणि घशाच्या गोळ्या चालल्या. मग कोणीतरी छातीचे चित्र काढविले. स्वरयंत्राची डावी नस मेंदूकडून सरळ घशात न जाता छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. तेथे गाठ होती. घसा निर्दोष होता. वर्षाच्या आत ते गेले.

आता प्रशासनाकडे वळतो. १२ फेब्रुवारी १९५४ रोजी ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लिऑड यांनी धूम्रपान व हा कर्करोग यांचा संबंध सिद्ध मानावा लागेल, असे सांगितले. त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत ते स्वतः एकामागून एक सिगारेट ओढत होते, हे प्रसिद्धच आहे. त्याहून बोलके म्हणजे, त्याच सुमारास वित्त खात्यातील सहकाऱ्याला त्यांनी लिहिलेले पत्र: कल्याणकारी राज्याचा डोलारा बऱ्याच अंशी तंबाखूवर उभा आहे, अशा आशयाचे. मला त्यांचा राग येत नाही. मोफत रुग्णालये चालवायची, तर पैसा हवा. पैसा तंबाखू देत होती. आणि त्या तंबाखूचे रुग्ण वीस वर्षांनी, दुसऱ्याच मंत्र्याच्या कारकिर्दीत येणार होते. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा खणखणीत अहवाल १९६२ साली आला, अमेरिकेच्या सर्जन जनरलचा १९६४ साली.

आपल्याकडे १९७५ साली सिगारेट कायदा झाला आणि पाकिटावर इशारा छापला जाऊ लागला. पण बिडी त्याबाहेर राहिली. मुंबईत डॉ. जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ साली मांडलेल्या अभ्यासात बिडीचा धोका सिगारेटहून कमी नसल्याचे दिसले होते. बिडी सारखी विझते, म्हणून अधिक जोराने आणि अधिक वेळा ओढावी लागते. परंतु घरोघर बिड्या वळणाऱ्या बायांचे पोट त्यावर, आणि तेंदूपत्त्यावर राज्यांचा महसूल. बिडी कायद्याच्या कक्षेत आली ती २००३ च्या अधिनियमाने, आणि चित्रमय इशारे लागू झाले ३१ मे २००९ रोजी.

आणि माझे? नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी तंबाखूवरील उत्पादनशुल्कासंबंधी एक टिपण लिहिले होते. मागणी अलवचीक आहे, सबब हा महसुलाचा भरवशाचा स्रोत होय, असे त्यात सिद्ध केले होते. एम.ए.ला शिकलेले सगळे त्यात होते. ती मागणी अलवचीक का असते, ओढणाऱ्याला सोडता का येत नाही, याबद्दल एक ओळ नव्हती. रुग्णालयाचा खर्चही नव्हता. त्या अवर सचिवांनी ते वाचले, राखेचे भांडे बाजूला सारले आणि समासात 'सहमत' लिहून सही केली. त्यावेळी त्यांचा आवाज स्वच्छ होता. त्या फाईलचा जतन-कालावधी केव्हाच संपला असेल.