पूर येण्याआधी गावाची एक यादी तयार ठेवा : आपत्ती पथकासाठी शीट, फॉर्म आणि नकाशा कसा वापरायचा

नदीचं पाणी वाढायला लागलं की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेजचा पूर आधी येतो. ‘मळ्यात दोन म्हातारी माणसं अडकलीत’, ‘बोट पाठवा’, ‘ते निघाले का?’, मध्येच कुणाचं गुड मॉर्निंग, कुणीतरी टाकलेला जुन्या पुराचा व्हिडिओ. अर्ध्या तासात एवढे मेसेज येतात, की मळ्यातल्या त्या दोन माणसांचा मेसेज कुठल्या कुठे वर निघून जातो. मग एकतर त्यांना आणायला दोन बोटी जातात, नाहीतर एकही जात नाही.

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे मोठे पूर पाहिले आहेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तिथे ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी सरकारी पथक पोचेपर्यंत गावातली पोरं, पट्टीचे पोहणारे, तालीम आणि गणेश मंडळंच कामाला लागतात. हिंमत असते, होडी असते, वेळ पडली तर गुळाची काहीलही पाण्यात उतरते. कमी पडते ती नोंद. कोण निघालं, कोण राहिलं, हे एका जागी कुणाकडेच नसतं.

ही नोंद ठेवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गुगल शीट्स, गुगल फॉर्म, नकाशा आणि व्हॉट्सॲप ही साधनं बहुतेकांच्या मोबाईलवर आहेत आणि फुकट आहेत. कोणतं साधन कशासाठी वापरायचं आणि पाऊस सुरू होण्याआधी काय तयार ठेवायचं, त्याची ही माहिती.

ग्रुप निरोपासाठी, शीट नोंदीसाठी

व्हॉट्सॲपवर निरोप पटकन पोचतो, पण हिशेब राहत नाही. म्हणून दोन ग्रुप वेगळे ठेवावेत.

- गाव सूचना ग्रुप : सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ असं करून ठेवावं. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी आणि पथकप्रमुख एवढेच ॲडमिन. पाण्याची पातळी, कोणता रस्ता बंद, कुठे जमायचं, एवढंच इथे येईल.
- पथकाचा ग्रुप : फक्त प्रत्यक्ष काम करणारे. इथे बोलणं चालेल, पण मदतीची प्रत्येक मागणी लगेच शीटमध्ये चढली पाहिजे. शीटची लिंक ग्रुपमध्ये पिन करून ठेवावी.

नियम एकच : जे शीटमध्ये नाही, ते काम झालेलं नाही असंच धरायचं.

घरनिहाय यादी : सगळ्यात आधीचं काम

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतली काही मुलं त्या वेळी आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. पण अशा दुर्घटनेत बचाव पथक पहिला प्रश्न विचारतं तो हाच : आज रात्री इथे माणसं किती होती? शोध कुठे आणि किती वेळ घ्यायचा, हे या उत्तरावर ठरतं.

म्हणून गावाची यादी माणसानुसार न करता घरानुसार करावी. एका ओळीत एक घर. रकाने असे :

- ग्रामपंचायतीचा घर क्रमांक
- वाडी, गल्ली किंवा मळा
- कुटुंबप्रमुखाचं नाव आणि दोन मोबाईल नंबर (एक बंद पडला तर दुसरा)
- घरात राहणारी एकूण माणसं, त्यात लहान मुलं किती
- आधी हलवायची माणसं : गरोदर बाई, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेले, दिव्यांग, डायलिसिस किंवा ऑक्सिजन लागणारे
- जनावरं किती
- सध्या घरात कोण आहे : सगळे, काही बाहेरगावी, की घर बंद

जनावरांचा रकाना चैनीचा नाही. दावणीला गाय-म्हैस असताना घर सोडायला माणूस तयार होत नाही. जनावरं कुठे न्यायची आणि वैरण कुठून येणार हे आधी ठरलं, तर माणसंही वेळेत निघतात.

माहिती गोळा करायला आशाताई आणि अंगणवाडी सेविकांची मदत घ्यावी. गरोदर बाया, तान्ही बाळं आणि आजारी माणसं कोणत्या घरात आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं आणि पालात राहणारे यांना घर क्रमांक नसतो. त्यांच्यासाठी ‘मळा १’, ‘भट्टी २’ असा क्रमांक द्यावा. यादीतून सुटतात ती बहुतेक हीच माणसं.

शीट बनवताना होणाऱ्या चुका

१. नाव दोनदा लागणं. एक जण मराठीत लिहितो, दुसरा इंग्रजीत, तिसरा टोपणनाव टाकतो. मग एकच माणूस तीन वेळा मोजला जातो. नाव मराठीतच लिहायचं ठरवा आणि ओळख घर क्रमांकावरून पटवा. टाईप करायला अवघड जात असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवर माईक दाबून मराठीत बोलून लिहिता येतं.

२. एकच रकाना निवडून क्रम लावणं. असं केलं तर नावं एका क्रमाने आणि फोन नंबर दुसऱ्या क्रमाने होतात. मग भलत्याच घरी फोन लागतो. क्रम लावायचा तर पूर्ण तक्ता निवडून. चूक झालीच तर कॉम्प्युटरवर शीट उघडून ‘व्हर्जन हिस्ट्री’मधून आधीची प्रत परत आणता येते.

३. नोंद पुसणं. माणूस सुखरूप पोचला म्हणून त्याची ओळ काढून टाकू नये. ओळ राहू द्यावी, फक्त स्थिती बदलावी. नाहीतर संध्याकाळी मोजणी जुळत नाही.

४. सगळ्यांना बदल करायची मुभा देणं. ‘संपादक’ चार-पाच जणच ठेवावेत. बाकी पथकाला फक्त ‘दर्शक’ म्हणून जोडावं.

५. एकाच माणसाच्या खात्यावर सगळं ठेवणं. तो माणूस पुण्याला नोकरीला गेला किंवा पासवर्ड विसरला की शीट गेली. पथकासाठी वेगळं जीमेल खातं काढावं. पासवर्ड दोघांकडे असावा, एक प्रत ग्रामपंचायतीत बंद पाकिटात. फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, यादीला ती भरपूर होते. मात्र दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, म्हणून वर्षातून निदान एकदा उघडावं.

मदतीची मागणी : एक फॉर्म, एक माणूस

२०१८ च्या केरळच्या पुरात स्वयंसेवक आणि सरकार यांनी मिळून ‘केरळ रेस्क्यू’ ही वेबसाईट चालवली. अडकलेल्या लोकांच्या मागण्या तिथे नोंदवता येत होत्या. त्याच पुरात एक अडचणही दिसली. माणसं सुटल्यानंतरही त्यांचे मदतीचे मेसेज सोशल मीडियावर फिरत राहिले. मेसेजवर वेळ नसेल आणि पुढे काय झालं हे लिहिलेलं नसेल, तर असं होणारच.

गावपातळीवर उपाय सोपा आहे. गुगल फॉर्ममध्ये पाच प्रश्न ठेवावेत : कुठे, किती माणसं, आजारी कोणी आहे का, पाणी कुठपर्यंत आलंय, फोन नंबर. फॉर्म भरला की तारीख-वेळ आपोआप पडते आणि उत्तरं शीटमध्ये जमा होतात. पण अडकलेल्या माणसाकडून फॉर्म भरून घेण्याची अपेक्षा करू नये. त्याने फोन करावा आणि नियंत्रणाला बसलेल्या माणसाने फॉर्म भरावा.

शीटमध्ये पुढे ‘स्थिती’ हा रकाना करून त्यात निवडीचे पर्याय द्यावेत : नवीन, पथक निघालं, बोटीत घेतलं, निवाऱ्यात पोचले, जागेवर सापडले नाहीत. प्रत्येक बदलासमोर वेळ आणि नोंद करणाऱ्याचं नाव.

इथे एक गोष्ट काटेकोर पाळावी लागते. बोट निघाली म्हणून ‘पोचले’ लिहायचं नाही. शाळेत किंवा मंगल कार्यालयात निवाऱ्याच्या दारावर बसलेला माणूस स्वतः मोजेल आणि नाव घेईल, तेव्हाच ‘निवाऱ्यात पोचले’ लिहायचं. बोटवाला म्हणतो सोडले, घरचे म्हणतात आले नाहीत, हा गोंधळ याच एका नियमाने टळतो. पाव्हण्यांकडे परस्पर गेलेल्यांनाही फोन करून खात्री करावी.

बोटीच्या फेऱ्यांची नोंद

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे पुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि गावकऱ्यांचे जीव गेले. घाबरलेल्या माणसांना ‘पुढच्या फेरीला या’ म्हणणं सोपं नसतं. पण पुढची फेरी नक्की येणार आहे आणि त्या फेरीत आपलं नाव आहे, हे दिसलं तर माणूस थांबतो.

म्हणून बोटींचा वेगळा तक्ता ठेवावा : बोट, चालवणारा, बोटीची ठरलेली क्षमता, लाईफ जॅकेट किती, फेरी क्रमांक, बसलेली माणसं, सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ. क्षमतेपेक्षा आकडा मोठा झाला की तो खाना लाल दिसेल, अशी सोय शीटमध्ये करता येते. काठावरच्या माणसाने तो आकडा बोट सुटण्याआधी सांगायचा, नंतर नाही.

नकाशा : ‘पिंपळाच्या मागचं घर’ बाहेरच्या पथकाला कळत नाही

बाहेरून आलेल्या एनडीआरएफच्या जवानाला वस्तीवरचं घर माहीत नसतं. गुगल मॅप्सवर घराच्या जागेवर बोट दाबून धरलं की ‘प्लस कोड’ दिसतो. ज्या घरांना पत्ता नाही त्यांच्यासाठी हा कोड पत्त्यासारखाच वापरता येतो. आधी हलवायच्या माणसांची घरं, निवारे, हेलिकॉप्टर उतरेल असं मोकळं मैदान, डीपी आणि उंचावरची विहीर यांचे कोड उन्हाळ्यातच शीटमध्ये भरून ठेवावेत.

आपल्या तालुक्याचा नकाशा मोबाईलमध्ये ‘ऑफलाइन’ डाउनलोड करून ठेवावा. पाण्यात गेलेल्या पथकाने व्हॉट्सॲपवर ‘लाईव्ह लोकेशन’ सुरू ठेवावं. त्याला १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय आहेत. मात्र त्याला नेट लागतं.

लाईट गेली, टॉवर बंद पडला तर?

महापुरात हे होतंच. म्हणून :

- शीट ड्राइव्हमध्ये ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ करून ठेवावी. पण ऑफलाइन केलेली नोंद नेट येईपर्यंत दुसऱ्याला दिसत नाही, हे पथकातल्या प्रत्येकाला माहीत हवं.
- गुगल फॉर्म नेटशिवाय चालत नाही. नेटशिवाय माहिती भरायची तर ‘कोबो कलेक्ट’ हे फुकट ॲप आहे. मदत संस्था ते वापरतात. नेट आल्यावर माहिती पुढे जाते.
- पावसाळ्याच्या तोंडावर यादीच्या तीन छापील प्रती काढाव्यात : एक ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे, एक निवाऱ्याच्या दारावर. प्रतीवर छापल्याची तारीख हवी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात.
- नेट गेलं की कागदावर लिहायचं आणि नेट आलं की एकाच माणसाने शीटमध्ये चढवायचं.
- पॉवर बँक, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा चार्जर आणि मंदिराचा भोंगा यांची चाचणी आधी घ्यावी. साधा एसएमएस कमकुवत नेटवर्कवरही जातो.

माहिती गावाची आहे, बाजाराची नाही

कोणाला कोणता आजार आहे, कोणतं घर बंद आहे, कुठे म्हातारं माणूस एकटं राहतं, ही यादी चोराच्या हातात पडली तर? शीटची लिंक ‘लिंक असलेला कोणीही’ अशी उघडी ठेवू नये. आधार नंबर आणि बँकेची माहिती घेऊच नये, बचावकामाला ती लागत नाही. माहिती कशासाठी घेतोय हे घरच्यांना सांगून, त्यांच्या संमतीनेच लिहावी. देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे.

अफवांबाबतही कायदा स्पष्ट आहे. आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केल्यास आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘धरण फुटलं’ असा मेसेज आला तर आधी तहसील कार्यालयात फोन, मग ग्रुपवर.

कोणी काय करायचं

- नियंत्रण : फोन घेणं आणि फॉर्म भरणं. हा माणूस पाण्यात जात नाही.
- शीट सांभाळणारा : दुहेरी नोंदी काढणं, दर दोन तासांनी आकडे पथकप्रमुखाला आणि तहसीलला कळवणं.
- वाडीप्रमुख : आपल्या वाडीच्या घरांची खात्री.
- निवारा नोंद : दारावर मोजणी.
- काठावरचा माणूस : बोटीच्या फेऱ्या.

प्रत्येक कामाला एक बदली माणूस ठरवावा. केंद्र सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं कोणी गावात असेल, तर त्यांना पथकात आधी घ्यावं.

वर्षाचं वेळापत्रक

एप्रिलमध्ये यादी ताजी करावी. मे महिन्यात एका रविवारी सराव घ्यावा : एका वाडीतली दहा घरं निवडून फोन, फॉर्म, शीट, निवारा असा पूर्ण फेरा करून बघावा आणि त्यातला अर्धा तास मोबाईलचं नेट मुद्दाम बंद ठेवावं. जूनच्या पहिल्या आठवड्यात छापील प्रती काढाव्यात. पूर ओसरल्यावर शीट जपून ठेवावी. ती पंचनाम्याची जागा घेणार नाही, पण कोणत्या घरात पाणी कधी शिरलं हे सांगायला उपयोगी पडेल.

हे नंबर सेव्ह करून ठेवा

- कोणतीही आणीबाणी : ११२
- रुग्णवाहिका : १०८
- जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७
- राज्य नियंत्रण कक्ष : १०७०
- विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप, इतर सरकारी इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ॲप

गावाची शीट ११२ किंवा १०७७ ची जागा घेत नाही. जीव धोक्यात असेल तर आधी फोन, नंतर नोंद. पण नोंद करायचीच, कारण रात्री पाऊस थांबल्यावर गाव निवाऱ्यात मोजायला बसतं, तेव्हा कोण राहिलं हे तिथेच कळतं. एक घर कमी भरलं, तर त्याच वेळी पुन्हा बोट सोडता येते.