फेकायचे की परजायचे? ब्लेडला धार लावणाऱ्या यंत्रांचा विसरलेला इतिहास

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा असो वा महाराष्ट्रातील दुसरा कोणताही फाटा, तेथील सलूनमध्ये एक दृश्य हमखास दिसते. कारागीर नव्या ब्लेडचे कागदी वेष्टन काढतो, ब्लेड मधोमध मोडतो, अर्धे पाते दांड्यात बसवतो आणि दाढी उरकली की ते पाते टाकून देतो. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला ही निव्वळ उधळपट्टी वाटली असती. पोलाद ही तेव्हा टाकून देण्याची वस्तू नव्हती. पाते बोथट झाले तर त्याला पुन्हा धार लावायची, इतका हा साधा हिशेब होता. या हिशेबावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका, इंग्लंड आणि स्वित्झर्लंडमध्ये मोठा धंदा उभा राहिला होता. तो धंदा होता ब्लेडला घरच्या घरी धार लावणाऱ्या यंत्रांचा.

मुळात धार जाते कशी? केस हा पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो, तरीही तो पोलादाला नमवतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात याचे उत्तर मांडले. केस पात्याखाली वाकतो, कडेला तिरका भिडतो, आणि कडेवर जिथे पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसते तिथून सूक्ष्म कपचा उडतो. म्हणजे ब्लेड केवळ झिजून बोथट होत नाही. त्याची कड अतिसूक्ष्म प्रमाणात तुटत जाते. त्याच्या जोडीला ओलावा आणि गंज. जुन्या कार्बनयुक्त पोलादाच्या पात्यांना गंजानेच अर्धे मारले.

यावर पारंपरिक उपाय दोन. दगड आणि चामडे. दगड धातू घासून काढतो आणि नवी कड तयार करतो. चामड्याचा पट्टा धातू जवळजवळ काढत नाही; वाकलेली, लवलेली कड तो सरळ करतो. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्यासोबत दगड आणि पट्टा असेच. पट्टा नसेल तेव्हा शेवटचा हात तळहातावर फिरे. वस्तऱ्याची पाठ आणि कड दोन्ही पट्ट्याला टेकलेली हवीत, ओढताना कड मागे राहिली पाहिजे, आणि टोकाला पोहोचताच वस्तरा पाठीवरून उलटला पाहिजे. कडेवरून उलटला तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. हे कसब पाहायला सोपे आणि शिकायला अवघड होते.

वस्तरा फारच बिघडला तर काम शिकलगाराचे. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई. त्यावरून 'सैकलगर' आणि त्यावरून आपला शिकलगार. शस्त्रे परजणे हा त्याचा मूळ धंदा. शीख परंपरेत गुरूंच्या सैन्यासाठी शस्त्रे घडवणारे म्हणून सांगितला जाणारा शिकलकरी समाज आजही नांदेड-परभणीच्या परिसरात आहे. त्यांचे यंत्र म्हणजे सराण, धार लावण्याचे फिरते चाक. कुरुंद दगडाची पूड लाखेत मळून ते चाक घडवीत. एक जण आसाभोवती गुंडाळलेला पट्टा दोन्ही हातांनी आलटून-पालटून ओढी आणि दुसरा पाते धरी. इंग्रजीतील 'कोरंडम' हा शब्द याच कुरुंदाचा, दक्षिण भारतातून तिकडे गेलेला. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर ब्रिटिश मुलखात तलवारी परजून घेणारे कमी होत गेले, आणि कात्री, सुरी, अडकित्ता, वस्तरा हेच शिकलगाराचे भांडवल उरले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. धार हा आपल्या समाजात केवळ तांत्रिक प्रश्न कधीच नव्हता. वस्तरा कोणाच्या हातात आहे, आणि तो हात कोणाच्या गालाला लागतो, यावर गावगाडा उभा होता. न्हावी हा बलुतेदार. त्याची मजुरी सुगीच्या वेळी धान्यात मिळे. एखाद्याला वाळीत टाकायचे तर पहिली शिक्षा 'न्हावी-धोबी बंद' ही असे. त्याच हाताने उलटा नकारही दिला आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार तेथे झाला.

दुसरी बाजू त्याहून बोचरी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात साताऱ्यातील लहानपण सांगितले आहे. गावात न्हावी होते आणि घरात त्यांना द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता. म्हणून भावंडांचे केस मोठी बहीण कापी, आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. न्हाव्याशिवाय दाढी किंवा हजामत करता येणे, ही गोष्ट युरोप-अमेरिकेत सोय होती. आपल्याकडे तिचा अर्थ बराच मोठा होता. हे लक्षात ठेवून आता त्या यंत्रांकडे वळू.

किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतील एक फिरता विक्रेता. बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या कंपनीत काम करताना तेथील संशोधक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला होता, की एकदा वापरून टाकून द्यावी लागेल अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येईल. १८९५ साली जिलेटला ती वस्तू सुचली: पातळ पत्र्याचे, दोन्ही कडांना धार असलेले पाते. इतक्या पातळ पोलादाला धार धरवता येणार नाही, असे जाणकारांचे मत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते करून दाखवले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. पहिल्या महायुद्धात मात्र अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड पुरवले गेले. गमतीचा भाग असा, की हाच जिलेट स्पर्धेला शिव्या देणारा स्वप्नाळू समाजवादी होता; सगळा उद्योग एकाच लोकमालकीच्या कंपनीकडे असावा, असे पुस्तक त्याने १८९४ साली लिहिले होते.

जिलेटच्या जाहिरातीचा गाभा एकच होता: पट्टा नको, दगड नको. त्याच काळात दुसऱ्या एका माणसाने नेमके उलटे मांडले. हेन्री गेझमन, जन्म १८६९, मेम्फिस शहर. त्याचे म्हणणे असे की, पट्टा वाईट नाही. माणसाचा हात अडाणी आहे. तेव्हा पट्टा ठेवावा आणि हाताचे कसब यंत्रात घालावे.

त्याचा 'ऑटोस्ट्रॉप' रेझर हा या विचाराचा सुंदर नमुना आहे. ब्लेड काढायचेच नाही. रेझरच्या डोक्यातील फटीतून चामड्याचा पट्टा ओवायचा, पट्ट्याचे एक टोक खुंटीला अडकवायचे, दुसरे हातात धरायचे आणि रेझर मागे-पुढे सरकवायचा. आत एक लहान रूळ असतो. पट्ट्याच्या घर्षणाने तो फिरतो आणि दिशा बदलली की ब्लेडला दुसऱ्या बाजूवर उलटवतो. न्हाव्याच्या मनगटातील ते उलटणे, जे शिकायला वर्षे लागत, ते एका रुळाने केले. कोन ठरलेला, उलटणे ठरलेले. माणसाने फक्त हात हलवायचा.

यानंतर अशा यंत्रांची रांग लागली. अमेरिकेतील सेंट लुई शहरात 'ट्विनप्लेक्स' निघाले: चिमट्यात ब्लेड अडकवायचे, मूठ फिरवायची, चामड्याचे रूळ दोन्ही कडांवरून फिरत. स्वित्झर्लंडच्या 'अलेग्रो' पेटीत एका बाजूस दगड, दुसऱ्या बाजूस चामडे. ब्लेडची पकड मागे-पुढे ढकलायची. इंग्लंडमधील 'रोल्स रेझर' सर्वांत देखणा. धातूच्या चपट्या डबीत जाड, पोकळ घासलेले एकच पाते. एक झाकण उघडले की दगड, दुसरे उघडले की चामडे. दांडा ढकलला की पाते खटकन उलटते आणि परत येते. एक पाते वर्षानुवर्षे पुरावे, ही त्यामागची कल्पना. जुन्या वस्तूंच्या बाजारात तशी डबी हाती लागली, तर तो खटका ऐकून पाहावा. त्या काळची टिकाऊपणाबद्दलची श्रद्धा त्या आवाजात आहे.

आता १९३० साल. जिलेट कंपनीच्या मूळ पेटंटची मुदत १९२१ सालीच संपली होती. नवा रेझर आणि नवे ब्लेड बाजारात आणून पुन्हा मक्तेदारी मिळवावी, असा तिचा बेत होता. पण तशा रचनेच्या ब्लेडचे हक्क गेझमनने आधीच घेऊन ठेवले होते. त्याने दावा लावला. तडजोड अशी ठरली, की जिलेट कंपनीने ऑटोस्ट्रॉप विकत घ्यावी आणि मोबदला जिलेटच्या समभागांत द्यावा. समभाग घ्यायचे म्हणून गेझमनच्या बाजूने हिशेब तपासले गेले. त्यात उघड झाले, की जिलेट कंपनीने पाच वर्षांत नफा एक कोटी डॉलरहून अधिक फुगवून दाखवला होता. समभाग कोसळले, संचालक गेले आणि संचालक मंडळाच्या अध्यक्षपदी बसला गेझमन. पट्ट्यावाल्याने फेकूवाल्याचे सिंहासन घेतले! किंग जिलेट १९३१ साली बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी वारला. गेझमन १९७४ पर्यंत, वयाच्या १०४ वर्षांपर्यंत जगला.

मात्र हा विजय माणसाचा होता, यंत्राचा नव्हे. अध्यक्ष झाल्यावर गेझमननेही प्रामुख्याने फेकायची पातीच विकली. कारण ब्लेडची किंमत उतरत होती, आणि सकाळची पाच मिनिटे कोणी फुकट द्यायला तयार नव्हते.

जेथे ब्लेड महाग आणि वेळ स्वस्त, तेथे धार लावणे टिकले. आपल्याकडे त्यासाठी यंत्रही लागले नाही. काचेच्या पेल्याच्या आतल्या गोलाईला ब्लेड टेकवायचे आणि बोटाने दाबून मागे-पुढे घासायचे, ही युक्ती जुन्या पिढीतील अनेकांना ठाऊक आहे. काच पोलाद फारसे कापत नाही, पण गुळगुळीत असल्याने लवलेली कड बसवते; पेल्याची गोलाई पातळ ब्लेडला हवा तो कोन देते. इंग्लंडमध्ये नेमकी हीच युक्ती वाकवलेल्या काचेचा तुकडा करून 'लिलिक्रॅप होन' या नावाने विकली गेली. चेकोस्लोव्हाकियात तर कारेल द्रबाल नावाच्या गृहस्थाने पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ब्लेड ठेवले की धार टिकते, असे सांगून १९४९ साली अर्ज केला आणि १९५९ साली त्याला पेटंटही मिळाले. पिरॅमिडच्या गूढ शक्तीवरील पुस्तकांत हा दाखला अजून फिरत असतो. पेटंट मिळणे म्हणजे दावा सिद्ध होणे नव्हे, हे तेथे कोणी सांगत नाही.

या सर्व यंत्रांचा खरा शेवट एका धातूने केला. १९६० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडच्या विल्किन्सन स्वॉर्ड या तलवारी बनवणाऱ्या जुन्या कंपनीने न गंजणाऱ्या पोलादाचे, कडेवर टेफ्लॉनचा सूक्ष्म थर दिलेले ब्लेड आणले. ते जुन्या ब्लेडपेक्षा कितीतरी अधिक दाढ्या टिके. आणि त्याला घरी धार लावणे निरर्थक होते, कारण दगडावर घासताच तो थरच निघून जाई. रोल्स रेझर कंपनी तोवर धुलाई यंत्रे विकू लागली होती. १९६४ साली तिचे दिवाळे वाजले.

भारतातही ब्लेडचे कारखाने निघाले, त्यात ठाण्याचा विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना महाराष्ट्रातला. घराघरांत सेफ्टी रेझर पोहोचला. दाढीसाठी कोणाच्या होकाराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. केस कापण्याच्या बाबतीत मात्र हा अडसर अनेक गावांत पुढेही दीर्घकाळ राहिला.

सलूनमधील वस्तरा त्यानंतरही बराच काळ पट्ट्यावर परजला जात होता. त्याला हटवले ते रोगाच्या भीतीने. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले, आणि पुढच्या दशकात 'नवीन ब्लेड वापरा' हा संदेश भिंतींवर, रेडिओवर, शाळांत पोहोचला. एकाच वस्तऱ्याने दहा गाल करण्याची रीत गेली. आरशाशेजारचा चामड्याचा पट्टा गेला. अखंड ब्लेड प्रत्येकाला परवडेना, म्हणून ते अर्धे मोडण्याची तोड कारागिरांनी काढली.

शिकलगाराची सराण आता सायकलवर बसली आहे. सायकल स्टँडवर उभी करायची, पेडल मारायचे, आणि पट्ट्याने चाक फिरते. लाख-कुरुंदाऐवजी कारखान्यातील तयार दगड. विळी, कोयता, शिंप्याची कात्री त्याच्याकडे येतात. सलूनमधूनही येते, ती कात्रीच.