प्रभावळकर, दिलीप

(४ ऑगस्ट १९४४ – ). मराठी रंगभूमी, दूरचित्रवाणी व चित्रपट या तिन्ही माध्यमांतील ज्येष्ठ अभिनेते व विनोदी लेखक. जन्म मुंबई येथे. दूरचित्रवाणीने घराघरांत पोहोचविलेल्या मराठी नटांच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. या माध्यमाने नटाला अल्पावधीत अफाट प्रसिद्धी दिली. त्याचबरोबर एकाच भूमिकेच्या चेहऱ्यात त्याला कायमचे अडकवून ठेवण्याची भीतीही निर्माण केली. प्रभावळकर यांच्या पाच दशकांहून अधिक काळाच्या कारकीर्दीचा इतिहास हा बव्हंशी या भीतीला दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे. वेषांतर, आवाजातील पालट आणि देहबोली यांच्या बळावर प्रत्येक भूमिकेत स्वतःची ओळख पुसून टाकणारा नट, असा त्यांचा लौकिक आहे.

त्यांचे शिक्षण विज्ञान शाखेत झाले. औषधनिर्मिती करणाऱ्या कंपनीत त्यांनी नोकरी केली. मुंबईतील मध्यमवर्गीय हौशी नटांच्या त्या वेळच्या प्रथेप्रमाणे दिवसा नोकरी व संध्याकाळी तालीम असा त्यांचा क्रम होता. विजय तेंडुलकर यांचे ‘लोभ नसावा ही विनंती’ हे त्यांच्या सुरुवातीच्या नाटकांपैकी एक होय. तथापि त्यांच्या अभिनयाची खरी जडणघडण झाली ती रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या नाटकांतून. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण त्यांनी रंगविली आणि ती त्या काळातील बालप्रेक्षकांच्या चांगलीच स्मरणात राहिली. मुलांचा प्रेक्षकवर्ग कठोर असतो. त्याला नटाच्या नावाशी कर्तव्य नसते, समोरची चेटकीण खरी वाटली पाहिजे एवढीच त्याची अट असते. मुखवट्यासारखी रंगभूषा, बदललेला आवाज व वाकलेली चाल यांतून माणूस नाहीसा करण्याची जी हातोटी पुढे प्रभावळकरांची ओळख ठरली, तिचे मूळ या बालरंगभूमीत आहे. त्याच लेखकाच्या ‘आरण्यक’ (१९७४) या महाभारतयुद्धानंतरच्या काळावर आधारलेल्या गंभीर नाटकात त्यांनी विदुराची भूमिका केली. चेटकीण व विदुर ही दोन टोके त्यांनी एकाच दशकात आणि एकाच नाटककाराच्या हाताखाली अनुभवली, ही गोष्ट त्यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्राची सुरुवात २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाली. कृष्णधवल चित्र, एकच वाहिनी आणि संध्याकाळचे मोजके तास, असे त्या प्रक्षेपणाचे स्वरूप होते. संच फार थोड्या घरांत असल्याने शेजारपाजारची मंडळी एकाच्या दिवाणखान्यात जमून कार्यक्रम पाहत. नटांची भरती अर्थातच रंगभूमीवरून झाली. या केंद्राने सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या विनोदी कथांवर आधारित ‘चिमणराव–गुंड्याभाऊ’ ही मालिका सादर केली. तीत चिमणरावांची भूमिका प्रभावळकर यांनी व गुंड्याभाऊची बाळ कर्वे यांनी केली.

चिमणराव हे पात्र त्यापूर्वीच मराठी वाचकांच्या परिचयाचे होते. विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या बोलपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली होती, आणि जुन्या पिढीच्या मनात दामुअण्णांचाच चिमणराव ठसलेला होता. प्रभावळकरांनी त्याचे अनुकरण केले नाही. बावळट तरीही आपल्या शहाणपणाविषयी निःशंक, भित्रा तरीही कुटुंबप्रमुखपणाचा आव आणणारा, किंचित अनुनासिक व चढ्या सुरात बोलणारा कारकून त्यांनी उभा केला. कर्वे यांच्या धिप्पाड, रांगड्या गुंड्याभाऊशेजारी तो अधिकच खुलून दिसे. चित्रकथक कॅमेरा पात्राच्या अगदी जवळ येत असल्यामुळे रंगमंचावरील ठळक हावभाव येथे भडक वाटण्याचा धोका होता. प्रभावळकरांनी विनोद डोळ्यांच्या हालचालीत, अर्धवट सोडलेल्या वाक्यात आणि ओशाळवाण्या हास्यात नेला. छोट्या पडद्यावरील अभिनयाचे तंत्र मराठी नटांना कोणी शिकविलेले नव्हते. ते अशा मालिकांतून, करताकरताच घडले. याच जोडीचा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट १९७९ साली प्रदर्शित झाला.

त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग असल्याने एकाच फितीवर पुन्हा पुन्हा नवे कार्यक्रम मुद्रित केले जात. त्यामुळे दूरदर्शनच्या पहिल्या दशकातील बराच मौलिक ठेवा नष्ट झाला आणि त्या पिढीच्या नटांचे पुष्कळसे काम आता केवळ प्रेक्षकांच्या आठवणीत उरले आहे. चित्रपटाच्या इतिहासकाराला जी साधने सहज मिळतात, ती दूरचित्रवाणीच्या इतिहासकाराला मिळत नाहीत.

चिमणरावाच्या यशाने प्रभावळकर यांना सर्वत्र ओळख मिळाली. पण ‘चिमणराव’ हेच जणू त्यांचे नाव झाले. विनोदी नट एकदा लोकप्रिय झाला, की निर्माते त्याच्याकडे त्याच साच्याच्या भूमिका घेऊन येतात आणि काही वर्षांनी साच्याबरोबर नटही शिळा होतो. मराठी बोलपटाच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी नाहीत. प्रभावळकरांनी साचा मोडण्याचा प्रयत्न प्रथम दूरदर्शनवरच केला. ‘साळसूद’ या मालिकेत त्यांनी खलप्रवृत्तीचा माणूस रंगविला. ज्या चेहऱ्याला पाहून लोक हसत, त्याच चेहऱ्याचा धाक वाटावा, हा बदल लक्षणीय होता. चित्रपटांत मात्र ऐंशीच्या दशकात त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने विनोदी भूमिका आल्या. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मधील अशोक सराफ यांच्या भुतासमोरचा साधाभोळा मास्तर हा त्यांतील उल्लेखनीय. त्या दशकातील मराठी चित्रपटसृष्टीत धांगडधिंग्याच्या विनोदाला बहर आलेला असताना प्रभावळकर त्या लाटेचे नायक झाले नाहीत. त्यांचा ओढा रंगभूमीकडेच राहिला.

या कारकीर्दीतील सर्वांत विचार करण्याजोगा टप्पा नव्वदीच्या दशकाच्या उंबरठ्यावरचा आहे. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकात त्यांनी मतिमंद मुलाच्या मध्यमवर्गीय बापाची भूमिका केली. मुलाची भूमिका अतुल परचुरे (१९६६–२०२४) यांची होती. मुलावरचे प्रेम, आपल्यानंतर त्याचे काय ही चिंता, आणि या ओझ्यातून सुटका हवी असे कबूल करण्याचीही चोरी, हे सारे त्या बापाला फारसे न बोलता दाखवायचे होते. त्याच सुमारास संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात त्यांनी नेमकी उलट बाजू घेतली. बालपणीच्या अपघातामुळे बुद्धीची वाढ खुंटलेला, वयाने मोठा पण मनाने मूल राहिलेला नंदू त्यांनी साकारला. सुलभा देशपांडे, स्मिता तळवलकर व अशोक सराफ यांच्यासारखे कसलेले कलावंत त्यांच्यासोबत होते. असे पात्र विनोदी नटाने करावयाचे, म्हणजे दोन बाजूंनी दरी असते : एकीकडे प्रेक्षक हसेल, दुसरीकडे तो केवळ कीव करील. प्रभावळकरांचा नंदू हट्टी आहे, त्याला राग येतो, त्याला आपली माणसे कळतात. म्हणून त्याच्याविषयी आपुलकी वाटते. बोटांची चाळवाचाळव व मानेचा विशिष्ट कल यांसारख्या लकबी काही प्रसंगी अंमळ जास्त ठळक झाल्या आहेत, हे आज चित्रपट पुन्हा पाहताना जाणवते. तरी मराठी चित्रपटातील अपंगत्वाचे चित्रण तोवर बहुधा करुणरसाच्या सोयीसाठी होत असे, हे ध्यानात घेता या भूमिकेचे मोल कमी होत नाही.

यानंतर दोनच वर्षांनी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये ते तात्या विंचू या गुंडाच्या रूपात अवतरले. मंत्राच्या बळावर या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, अशी ती कथा. बाहुला रामदास पाध्ये यांचा आणि त्याला आवाज प्रभावळकर यांचा होता. प्रत्यक्ष पडद्यावर त्यांचा वावर अल्प आहे. पण खर्जातील त्या धमकावणीच्या सुराने एका संपूर्ण पिढीच्या बालपणात भीतीचे घर केले. नंदूवर माया करणारा आणि विंचूला घाबरणारा प्रेक्षक एकच होता आणि दोघांमागचा नट एकच आहे हे अनेक मुलांना बऱ्याच उशिरा कळले.

रंगभूमीवर याच काळात त्यांनी स्वतः लिहिलेले ‘हसवाफसवी’ हे नाटक आले. एकाच प्रयोगात सहा परस्परभिन्न पात्रे त्यांनी त्यात उभी केली. त्यांत एक स्त्रीपात्र आहे, चिमणरावही आहे; परंतु नाटकाचा कळस ठरतो तो कृष्णराव हेरंबकर हा संगीत रंगभूमीवरील थकलेला वृद्ध गायक नट. शरीर साथ देत नाही, आठवण दगा देते, पण गाण्याचा विषय निघताच जुना दिमाख क्षणभर परत येतो. या एका प्रवेशात विनोद व कारुण्य अशा बेमालूमपणे मिसळले आहेत, की हशा नेमका कोठे थांबला हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. वेषांतराची करामत म्हणून या नाटकाची वाखाणणी झाली, हे खरे. परंतु करामत पहिल्या पाच पात्रांत आहे, सहाव्यात नाट्य आहे. चिमणरावाला सहांपैकी एक करून टाकण्यात त्या जुन्या प्रतिमेचा हिशेबही परस्पर चुकता झाला.

उपग्रह वाहिन्यांच्या आगमनाने मराठी दूरचित्रवाणीचे स्वरूप पालटले. अल्फा मराठी (पुढे झी मराठी) ही वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००१ पासून तिच्यावर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका प्रसारित होऊ लागली. प्रभावळकर यांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ती आधारलेली होती. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. मुंबईतील एका मराठी कुटुंबाच्या तीन पिढ्या, त्यांच्या लहानसहान कुरबुरी आणि आजोबांची रोजनिशी एवढाच तिचा ऐवज. कट, सूड, दागदागिने यांचा तीत मागमूस नव्हता. पन्नाशी ओलांडून काही वर्षेच झालेल्या प्रभावळकरांनी सत्तरीपलीकडचे आबा असे रंगविले, की बऱ्याच प्रेक्षकांचा त्यांच्या वयाबद्दल कायमचा गैरसमज झाला. नव्या काळाशी भांडण न मांडता त्याच्याकडे कुतूहलाने पाहणारा हा म्हातारा होता. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम व रेश्मा नाईक यांनी उभे केलेले कुटुंब तितकेच स्वाभाविक होते. दूरदर्शनवरील चिमणराव व उपग्रह वाहिनीवरील आबा टिपरे यांमध्ये सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. दोन्ही वेळा माध्यम नुकतेच बदलत होते आणि दोन्ही वेळा त्या बदलाचा मराठी मध्यमवर्गीय चेहरा याच नटाने पुरविला.

हिंदी चित्रपटांतील त्यांचे काम संख्येने बेताचे आहे. ‘एनकाउंटर : द किलिंग’ (२००२) मधील टोळीप्रमुख पुनप्पा, ‘सरकार राज’ (२००८) मधील रावसाहेब या भूमिका जाणकारांनी वाखाणल्या. परंतु देशभर ओळख झाली ती राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधील महात्मा गांधींमुळे. हे गांधी इतिहासातील नव्हेत. एका गुंडाने ग्रंथालयात बसून गांधीजींविषयी वाचले आणि त्याच्या मनाने ते निर्माण केले. ते केवळ त्यालाच दिसतात. त्यामुळे नटापुढील काम वेगळेच होते : प्रत्येक भारतीयाला परिचित असलेले रूप हुबेहूब आणावयाचे, तरी त्याचा पुतळा होऊ द्यावयाचा नाही. प्रभावळकरांनी त्या रूपाला मंद विनोदबुद्धी व शेजारच्या आजोबांचा जिव्हाळा दिला. ‘लगे रहो मुन्नाभाई’ व मराठी ‘शेवरी’ या दोन चित्रपटांसाठी त्यांना २००६ सालचा सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढे यश मिळूनही हिंदी चित्रसृष्टीने या नटाचा म्हणावा तसा उपयोग करून घेतला नाही.

उत्तरकाळात रंगभूषेचा आधार कमी करून त्यांनी संयत अभिनयाचे काही उत्कृष्ट नमुने दिले. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ (२०११) मधील अण्णा हे गावात देवस्थानाचा बाजार मांडला जात असताना एकाकी पडत जाणारे विवेकी गृहस्थ. ‘नारबाची वाडी’ (२०१३) मधील नारबा हा आपली वाडी कोणाच्याही घशात जाऊ न देणारा खट्याळ कोकणी म्हातारा. अण्णांच्या भूमिकेत वेषांतर जवळजवळ नाही, आणि ती त्यांच्या श्रेष्ठ भूमिकांत मोडते. यावरून बहुरूपीपणा हेच त्यांचे एकमेव सामर्थ्य मानणारे मत अपुरे ठरते.

लेखक म्हणून ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’ यांसारखी विनोदी पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. ‘बोक्या सातबंडे’ हा उपद्व्यापी पण सरळमनाचा मुलगा प्रथम आकाशवाणीवर अवतरला, नंतर पुस्तकांत व २००९ साली चित्रपटात आला. ‘एका खेळियाने’ या आत्मपर पुस्तकात त्यांनी आपल्या भूमिकांची घडण उलगडली आहे. मराठीत नटांची आत्मचरित्रे विपुल असली, तरी एकेका भूमिकेच्या कारागिरीबद्दल इतक्या नेमकेपणाने लिहिणारे थोडेच.

‘आरण्यक’ २०१८ साली पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा विदुर प्रभावळकरांनीच केला व धृतराष्ट्र पूर्वीप्रमाणे रवी पटवर्धन (१९३७–२०२०) यांनी. तरुणपणी वार्धक्य रंगवून उभी केलेली पात्रे आता नटांच्या खऱ्या वयाशी येऊन मिळाली होती. सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’ (२०२५) या चित्रपटात वयाच्या ८१व्या वर्षी त्यांनी प्रमुख भूमिका केली. बाबुली मेस्त्री हा कोकणातील दशावतारी खेळातला जुना कलावंत. दृष्टी मंदावत चाललेली, तरी सोंग घेणे सुटत नाही.